फाटलेल्या घावनाची न्याहारी

रानातल्या प्राण्यांना घावनांची चटक लागली होती, त्या काळातली गोष्ट. गोदा घोरपडीने आंब्याखाली चूल मांडून घावनांचं दुकान काढलं. पहिलंच घावन तव्याला चिकटून फाटलं. बांधावरची टिटवी ओरडली, "फाटलं, फाटलं!" साऱ्या रानाने ऐकलं. गोदाने चूल विझवली, ती आठ दिवस पेटवलीच नाही.

शेवटी बिडाचा तवा वैतागला. "अगं, मी नवा आहे. रोज सकाळी मला तापव, अर्ध्या कांद्याने तेल चोळ. गिऱ्हाईक येवो न येवो."

"आणि पुन्हा फाटलं तर?"

"तर खाऊन टाक. तशीही सकाळी उपाशीच असतेस ना?"

गोदा रोज उजाडताच चूल पेटवू लागली. पहिलं घावन फाटायचं, टिटवी ओरडायची. गोदा ते चटणीबरोबर खायची आणि दुसरं घालायची. हळूहळू दुकानापुढे रांग लागू लागली.

एके सकाळी पहिलंच घावन अख्खं सुटलं, छान जाळीदार! टिटवीला काय ओरडावं ते सुचेना. रांगेतल्या हरणाने ते लगेच उचललं.

गोदाने कपाळाला हात लावला. "अरे देवा! आता मी न्याहारीला काय खाऊ?"