एकवीसपैकी एकवीस

“एकवीसपैकी एकवीस, मास्तर! आता तरी घे म्हणाल की नाही?”

निरंजन दुधनकरनं छापील यादी टेबलावर आपटली. एकवीस ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे निळ्या शाईची खूण.

वडनाल मास्तरांनी यादीकडे पाहिलंही नाही. ते बशीतला चहा फुंकत होते.

सोलापूरच्या भवानी पेठेत मास्तरांचं दुरुस्तीचं दुकान होतं. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना झाळकाम म्हणजे सोल्डरिंग शिकवून निवृत्त झालेला माणूस. निरंजन त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काढून आता शहाणा झाला होता. मास्तरांना नीट दिसत नाही, काही आठवत नाही आणि जग कुठं गेलंय ते कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

आज त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर एक वस्तू पारखली होती. जुनं ग्राफिक्स कार्ड. ते हवं होतं त्याच्या मैत्रिणीला, गौतमीला. ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. महिन्याभरात प्रकल्प सादर करायचा होता आणि इमारतीची चित्रं काढताना तिचा कॉम्प्युटर दर अर्ध्या तासानं मान टाकत होता.

“मला यातलं काही कळत नाही,” ती म्हणाली होती. “तू चांगलं म्हण, मी डोळे मिटून घेते.”

कार्ड विकणारा विनीत शेटे समोरच्या टपरीवर उभा होता. त्याचा गेमिंग कॅफे होता. निरंजनचं हो किंवा नाही ऐकलं की तो निघणार होता.

“काय काय बघितलंस?” मास्तरांनी विचारलं.

“काय नाही बघितलं ते विचारा! पंखे हातानं फिरवले, हेलकावा नाही. खोक्यावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर एकच. कुठं फुगलेलं नाही, कुठं जळलेलं नाही. तासभर पूर्ण ताण देऊन चालवलं. पडद्यावर एक रेघ उमटली नाही. तापमान ब्याऐंशीच्या वर गेलं नाही, तेसुद्धा आपल्या मे महिन्यात!”

“आणि स्क्रू?”

“एकाचीही खाच घासलेली नाही. कार्ड कुणी उघडलेलंच नाही.”

“मी उघडलं की खाच घासते का रे?”

“तुमची गोष्ट वेगळी.”

“हं...”

मास्तरांनी कार्ड उचललं, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं.

“वास कसला येतोय?”

“थिनरचा.”

“कुणाचा थिनर?”

“आपलाच. मी पुसून घेतलं ना.”

“कधी?”

“सगळ्यात आधी. धुळीनं माखलेलं होतं नुसतं. आधी स्वच्छता, मग तपासणी... तुमचंच वाक्य आहे, मास्तर.”

“माझंच आहे.” मास्तरांनी बशी खाली ठेवली. “दुरुस्तीला आलेल्या वस्तूसाठी आहे.”

“आणि विकत घ्यायच्या वस्तूसाठी?”

मास्तरांनी टेबलाखालचा कचऱ्याचा डबा पायानं ओढला, चिमटा घेतला आणि वाकून डब्यात काहीतरी शोधू लागले.

निरंजन बघत राहिला. कार्ड टेबलावर, यादी टेबलावर, आणि म्हातारा कचऱ्यात! झालं, आता अगदीच गेली केस, असं त्याला वाटलं.

चिमट्यातून एक कापसाचा बोळा वर आला. मास्तरांनी तो निरंजनच्या यादीवर ठेवला.

“हे काय?”

“मळ.”

“रंग?”

“काळा...”

“नीट बघ. म्हातारा मी आहे.”

निरंजन वाकला. बोळा काळाच होता. पण एका कडेला गुलाबी ओघळ होता.

“मळ गुलाबी असतो?”



मास्तरांच्या खणात नेलपॉलिशच्या दोन बाटल्या असायच्या, एक पांढरी, एक गुलाबी. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या स्क्रूवर ते एक ठिपका लावत. पांढरा म्हणजे बरं झालं. गुलाबी म्हणजे गरम हवा मारून उठवलंय; सुटलेली झाळ तेवढ्यापुरती धरलीय; महिना चालेल, नाहीतर उद्याच बसेल. गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगूनच ठिपका लावला जाई. निरंजननं स्वतःच्या हातानं असे शेकडो ठिपके लावले होते.

आणि त्याच हातानं आज तो पुसला होता.

चोरानं पुरावा पुसला तर निदान बोंब तरी होते. तपासणाऱ्यानंच पुसला की त्याला एकवीसपैकी एकवीस मिळतात.

“पण मास्तर, हे कार्ड आपल्याकडे कधी आलं होतं?”

“आठवत नाही.”

“आठवत नाही?”

“आठवत असतं तर ठिपका कशाला लावला असता?”

“दुसऱ्याच कुणाचा असेल. कंपनीचासुद्धा असेल...”

“असेल.”

“म्हणजे कार्ड चांगलंही असू शकेल?”

“असू शकेल.”

“मग... चांगलं की वाईट?”

“मला काय विचारतोस? तपासलं तू.”

तेवढ्यात विनीत दारात आला. “काय मास्तर, शिष्य पास करतोय का नापास? माझा कॅफे उघडा पडलाय.”

“विनीत,” निरंजननं घाईनं विचारलं, “यावर एक गुलाबी ठिपका होता का?”

“होता की. मी ज्याच्याकडून घेतलं त्यानंच दाखवला होता. म्हणाला, कंपनीचं सील आहे. मग धुळीत गेला असेल. का, काय झालं?”

विनीतनं एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा बोळ्याकडे.

“अरे... म्हणजे मलाच टोपी घातली की काय?”

मास्तरांनी खणातून गुलाबी बाटली काढली. ठिपका बरोबर स्क्रूच्या डोक्यावर बसला. त्यांनी फुंकर मारली, कार्ड खोक्यात घातलं आणि विनीतला दिलं.

“याचा अर्थ काय ते हा सांगेल तुला. ते घेणाऱ्याला सांग, आणि मग खुशाल वीक.”

निरंजननं सांगितलं. त्याची मान वर होत नव्हती. विनीत खोकं घेऊन, स्वतःशीच शिव्या पुटपुटत गेला.



“मास्तर, गौतमीला काय सांगू? कार्ड खराब आहे म्हणू?”

“तसं सिद्ध झालंय?”

“नाही. चांगलं आहे म्हणू?”

“तसं झालंय?”

“तेही नाही... मग निदान यादीत बाविसावा मुद्दा वाढवतो. पुसायच्या आधी बघणे.”

“वाढव.”

“म्हणजे पुढच्या वेळी चूक होणार नाही ना?”



“हात इकडे कर.”

निरंजननं गोंधळून हात पुढे केला. मास्तरांनी बाटली पुन्हा उघडली आणि त्याच्या अंगठ्याच्या नखावर एक गुलाबी ठिपका लावला. फुंकर मारून वाळवला.

“हे काय, मास्तर?”

मास्तरांनी बाटलीचं झाकण लावलं. थिनरचा डबा उचलून आपल्या खुर्चीखाली सरकवला.

“जा, गौतमी वाट बघत असेल. तिला या ठिपक्याचा अर्थ सांग... आणि वाटेत तो पुसू नकोस.”