हणबर सर टेबलापाशी गेले

"बास्केटबॉलचं नियमपुस्तक मी कोळून प्यालोय," असं हणबर सर छाती फुगवून सांगत, आणि मग हळूच म्हणत, "एक पान तेवढं घशात अडकलं." ते पान असं: खेळ चालू असताना कोचनं गुणलेखकाच्या टेबलाकडं फिरकायचं नाही. घड्याळ थांबलं की सभ्यपणे जाऊन काय ते विचारावं.

जिल्ह्याच्या फायनलला सरांच्या संघातल्या मुली एका गुणानं मागं होत्या. चेंडू त्यांच्याच हातात, बारा सेकंद उरलेले. आणि सर? ते मिशा फेंदारत टेबलावर धडकले.

"ओ बाई, आमचा एक गुण खाल्लात! दाखवा कागद!"

गुण लिहिणाऱ्या वडगावेबाईंनी मैदानावरची नजरही हलवली नाही. "घड्याळ थांबू द्या, सर."

"मला शिकवता? तीस वर्षं झाली..."

तेवढ्यात भोंगा वाजला. मुली हरल्या.

बाईंनी कागद पुढं सरकवला. सरांनी बोट ठेवून दोनदा मोजलं. सगळं बरोबर होतं. कान तापले, मागं टॉवेलात तोंड लपवलेल्या मुलींकडं बघवेना, तरी जीभ गप्प बसेना.

"काहीतरी सुटलं असेलच यात!"

"सुटलंय ना," बाई म्हणाल्या. "शेवटच्या बारा सेकंदांत तुमच्या मुलींनी इशाऱ्यासाठी तीनदा तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. ते लिहायला इथं रकानाच नाही."