मापाचा शर्ट

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध शिंपी होते. सारं गाव त्यांना मास्तर म्हणे आणि सल्ला विचारायला त्यांच्याकडे येई. त्यांच्याकडे निवास नावाचा एक शिष्य होता. शिष्य म्हणजे कोवळा पोरगा नव्हे. दोन मुलांचा बाप, सूतगिरणी बंद पडल्यावर चाळिशीत सुई धरलेला. त्यामुळे त्याला प्रश्न फार पडत आणि उत्तरं लगेच हवी असत.

त्याच गावात पुरुषांच्या तयार कपड्यांचा एक व्यापारी होता. शर्ट-जॅकेटसाठी त्याचं दुकान प्रसिद्ध. शर्टासारखं कॉलर-बटणांचं, पण जाड कापडाचं, टी-शर्टवर मोकळं घालायचं ते. हल्ली साखरपुड्यापासून सहलीपर्यंत तेच दिसतं. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच व्यापारी म्हणे, "तुम्हाला बेचाळीस. शिवण खांद्याच्या हाडावरच हवी, खाली उतरली की माणूस आजारी दिसतो. पोट आहे ना थोडं? मग बटणं उघडी ठेवा आणि आत एकरंगी घाला." टेप न लावता सांगितलेलं त्याचं माप कधी चुकत नसे. त्याच्या नजरेचं लोक कौतुक करत आणि ते कौतुक खरंच होतं.

एके दिवशी हा व्यापारी मास्तरांकडे आला. पंधरा दिवसांनी, रविवारी, त्याचं नवं मोठं दुकान उघडायचं होतं आणि फीत त्याचे वडील, अण्णा, कापणार होते. अण्णांनी आयुष्यात तयार कपडा अंगाला लावला नव्हता. मास्तरांच्या हातचंच घालायचे. व्यापाऱ्यानं मेंदी रंगाचं भारी कापड आणि एक जुना शर्ट टेबलावर ठेवला.

"मास्तर, हा मापाचा. यावरून अण्णांचं शर्ट-जॅकेट करा."

मास्तरांनी शर्ट उलटून पाहिला. "हा मीच शिवलाय. नऊ वर्षं झाली. अण्णांना एकदा घेऊन या, टेप लावतो."

"कशाला त्यांना दगदग? अण्णा आहेत तस्सेच आहेत," असं म्हणून तो गेलासुद्धा.

अण्णा तसे नव्हते. मागच्याच आठवड्यात ते मास्तरांच्या दुकानात बसून गेले होते, तेव्हा निवासनं त्यांना हाताला धरून पायरी उतरवली होती. दंडात हाडच तेवढं लागलं होतं. त्यामुळे निवासनं खडू उचलला आणि म्हणाला, "मास्तर, अण्णा निम्मे राहिलेत. खांदा दोन्हीकडून चांगला आत घेऊ ना?"

"मापाबरहुकूम काप," मास्तर म्हणाले.

"अहो, पण लोंबेल ते!"

"मापाबरहुकूम."

निवासनं कापलं. मनातून त्याला ते अजिबात पटलं नव्हतं.

रविवारी सकाळी दोघे कपडा घेऊन नव्या दुकानात गेले. अण्णांनी जॅकेट घातलं. खांद्याची शिवण दंडाच्या मध्यावर आली, बोटं बाह्यांत बुडाली. निवासला मान वर करवेना. मास्तर मात्र अण्णांकडे नाही, त्यांच्या मुलाकडे टक लावून बघत होते.

व्यापारी दोन पावलं मागं सरला, मान कलती केली आणि हसला. "वा मास्तर! ओव्हरसाइझ! तुम्ही तर आमच्याही पुढं गेलात. हल्ली हेच चालतंय." त्यानं स्वतःच बाह्यांना दोन घड्या घातल्या, वरची बटणं मोकळी केली, कॉलर सारखी केली. "अण्णा, जरा ताठ उभे राहा, फोटो घेतायत."

अण्णांनी क्षणभर मास्तरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "छान बसलंय हो. अगदी अंगाबरोबर."

परतताना निवासचा संयम सुटला. "आजारी माणसाचं बुजगावणं केलंत तुम्ही. चार लोकांत! काय मिळवलंत?"

मास्तर रस्त्याच्या कडेला थांबले. "काही नाही. तीन महिने झाले, अण्णांना अन्न जात नाही. मला एकट्याला सांगितलं आणि वर शपथ घातली, की पोराच्या दुकानाची धांदल उरकेपर्यंत बोलायचं नाही. मला वाटलं, आपण बोलायला नको, कपडा बोलेल. दारातून माप ओळखणारा माणूस तो! खांदा उतरलेला पाहून दचकेल, विचारेल, अण्णा, तुम्हाला काय होतंय? पण परक्याला आपण निरखतो आणि घरच्याला गृहीत धरतो. त्यानं जॅकेट पाहिलं. आतला बाप नाही पाहिला. आणि मी शहाणा! शपथ मोडण्याचं पाप नको म्हणून कारागिरी करत बसलो."

दुसऱ्या दिवशी निवास टेप आणि टाचण्या घेऊन अण्णांकडे गेला. ते तेच जॅकेट घालून ओसरीवर उन्हात बसले होते. मुलगा दुकानात होता.

"द्या अण्णा. उसवून नीट करून आणतो. संध्याकाळपर्यंत देतो."

अण्णांनी जॅकेट पोटाशी घट्ट धरलं. "नको रे बाबा. असंच राहू दे. अंगाबरोबर केलंस तर त्याला कधीच कळायचं नाही."

निवासनं टेप-टाचण्या खिशात टाकल्या. शपथ मास्तरांना होती, त्याला नव्हती. तो तिथून तडक नव्या दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांच्या देखत व्यापाऱ्याला सगळं सांगून मोकळा झाला. व्यापारी आधी चिडला, मग खुर्चीवर बसला, मग दुकान तसंच टाकून घराकडे पळत सुटला.

अण्णांना डॉक्टरांना दाखवलं, पण त्यांनी हात टेकले. व्यापारी पुढं दुकानात फिरकला नाही. अण्णांच्या उशाशी बसून राहिला. त्याला पाच आठवडे मिळाले.

लोक अजूनही मास्तरांकडे चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकायला येतात. मास्तर म्हणतात, "बोलायचं ते त्याच दिवशी बोला. मी पंधरा दिवस शिवत बसलो."