पवळीच्या पोटातल्या गाठीची कहाणी

ऐका गोमाते, तुमची कहाणी. अक्षता मुठीत धरा आणि गप्पा थांबवा बायांनो, हे तुमच्याच ओट्यावरचं आहे.

आटपाट म्हणून एक नगर. तिथं रायबा गवळी राही. त्याची बायको सरसा. गोठ्यात एकच गाय, पवळी. तिच्या दुधावर चूल पेटे. पण महिना सरायच्या आत डबे रिकामे. का? सरसेला टाकायची भारी हौस. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबी, वर उलटसुलट तीन गाठी मारी, भिंतीपलीकडे भिरकावी. "घर कसं लख्ख!" म्हणे.

वसुबारस जवळ आली. मग दारी एक म्हातारी आली. "बये, भाजीच्या साली दे गं." सरसा म्हणाली, "टाकल्या." आणि गाईला चारा विकत आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी आली. "बये, तांदळाचं धुवण दे गं." "ओतलं." परसातली गवार वाळत होती, ती ओलांडून सरसा बाजारात गवारी आणायला गेली.

तिसऱ्या दिवशी आली. "बये, जुनं लुगडं दे गं." "तेही टाकलं! माझं घर म्हणजे भंगाराचं दुकान वाटलं होय?" आणि फरशी पुसायचं फडकं आणायला गेली.

म्हातारी म्हणाली, "टाकलेलं जातं कुठं, ते बघशील हो." मग ती गेली.

चौथ्या दिवशी वसुबारस. सरसा तबक घेऊन गोठ्यात आली, तो पवळी आडवी. पोट नगाऱ्यासारखं. रवंथ बंद, कान गार. रायबा धावत आला. "सरसे, ही गेली तर खायचं काय गं?"

मग गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी कूस चिरली, पोटात हात घातला. एक पिशवी निघाली. मग दुसरी निघाली. मग तिसरी, वर उलटसुलट तीन गाठी. सरसेनं आपल्या हातची गाठ ओळखली.

"अहो, ही गाठ माझी. पवळीला मीच भरवलं."

मग ती पवळीच्या कानाशी बसली. म्हणाली, "माये, ऊठ. ज्याचं त्याला देईन. साल तुला, धुवण झाडाला, लुगड्याची पिशवी बाजाराला. आळसणार नाही, लाजणार नाही, मधेच सोडणार नाही."

पहिला दिवस पवळी हलली नाही. दुसऱ्या दिवशी कान हलला. तिसऱ्या दिवशी ती उठली, सरसेच्या हातातलं दुधीचं साल ओढलंन्, आणि रवंथ करू लागली. रायबानं तीन दिवसांनी चहाचा पहिला घोट घेतला. सरसा रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम.

वर्षभर वसा चालला. शेजारीण म्हणाली, "कंजूष झालीस गं सरसे!" "झाले. तुझी गाय कशी आहे?" शेजारीण दुसऱ्या दिवशी लुगडं घेऊन पिशवी शिवायला आली. इकडे महिना सरला तरी डब्यात ज्वारी उरू लागली.

पुन्हा वसुबारस आली. मग दारी म्हातारी आली. "बये, टाकायला काय आहे गं?"

"टाकायला काही नाही, आजी. वाढायला आहे. बाजरीची भाकरी आहे, परसातल्या गवारीची भाजी आहे. बसा."

म्हातारी बसली, पोटभर जेवली, पवळीच्या पाठीवरून हात फिरवलान्, आणि दिसेनाशी झाली.

जशी सरसेची पवळी उठली, तशी तुमची आमची उठो. जसे तिचे डबे भरले, तसे तुमचे आमचे भरोत. पुष्कळ उत्तरांची कहाणी थोड्या उत्तरांत सांगितली, फळासकट पुरी झाली.

वाहा आता अक्षता. आणि प्रसादाचे द्रोण पिशवीत बांधून फेकाल, तर गाठ माझ्याशी आहे.