हद्दीबाहेरचं बाळ

तालुक्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा आमची उंबरमाळ वाडी नव्या तालुक्यात गेली म्हणे. कुणी म्हणे, गेलीच नाही. त्याच सुमारास रेवा घरीच जन्मली. तिच्या जन्मदाखल्यासाठी सात हेलपाटे झाले. जुनी ग्रामपंचायत नवीकडे धाडी, नवी जुनीकडे. लेक कुठल्याच गावची राहणार नाही, या धास्तीने मी पार दमले होते.

आठव्या खेपेला जुन्या पंचायतीचे उपसरपंच बाजीनाना खुर्चीत रेलून म्हणाले, "सूनबाई, एवढं शिकलात आणि साधी हद्द कळेना? तुमची वाडी आमच्यात नाही. हवं तर लिहून देतो."

"द्या नाना," मी म्हणाले.

त्यांनी झोकात लिहिलं, सही करून शिक्का मारला. कागद हातात घेऊन मी विचारलं, "हा तहसीलदारांना दाखवू ना? तुम्ही निवडून आलात तो वॉर्ड म्हणजे आमचीच वाडी. वाडी पंचायतीत नाही, तर तुम्ही खुर्चीत कसे?"

ग्रामसेवकाला एकाएकी खोकला आला. नानांनी कागद ओढून फाडला.

"रजिस्टर काढा हो! पोरगी आपलीच आहे."

रेवा खांद्यावर गाढ झोपली होती. मलाही तिथेच आडवं व्हावंसं वाटलं.