मेंढ्याही तोंड फिरवतात ती सफरचंदं

फार फार वर्षांमागे, उंच डोंगरावरच्या एका गारठ्याच्या गावात, दारोदारी सफरचंदाचं झाड असे. कुणाचं गुलाली, कुणाचं पट्ट्यापट्ट्यांचं, कुणाचं मधासारखं पिवळं. त्या गावात एक भाबडी बाई राहत होती. तिची लेक चार वर्षांची झाली तरी पाऊल टाकीना. शेवटी बाई देवीला नवस बोलली, "आई, माझी पोर चालू दे. घराघरातली सफरचंदं मागून मुरंबा करीन. हिरव्या पानावर घालून पोर स्वतःच्या पायांनी तुझ्यापुढे आणील, आणि वाटेत एक थेंबही सांडणार नाही."

देवीनं ऐकलं. श्रावणात लेक भिंत धरून उभी राहिली आणि नवरात्र येईपर्यंत दुडूदुडू चालायला लागली.

अष्टमीला बाईनं उपास धरला, न्हाऊन ओलेत्या केसांनीच टोपली घेतली आणि फळं मागायला निघाली.

"काकू, तुमची गोड आहेत ना हो?"

"गोड म्हणजे? साखर घालूच नकोस तू."

पुढच्या घरी जाऊबाई म्हणाल्या, "तिची कसली गोड? आमची ने. मुंग्या झाडावरून उतरत नाहीत."

ज्याच्या त्याच्या दारात हेच. बाईची टोपली भरली आणि मन निवलं.

वेशीजवळ एक मेंढक्या राहत असे. त्याचं झाड वाकडं, फळं लहान, हिरवी आणि दगडासारखी टणक. तो म्हणाला, "आमचीबी न्या की, ताई. पण सांगून ठेवतो, आंबट हायेत. माझ्या मेंढ्यासुद्धा तोंड फिरवतात."

बाई घोटाळ्यात पडली. नको म्हणावं तर घर वगळलं असं होतं, घ्यावीत तर नैवेद्य बिघडतो. "देवीला आंबट कसं वाढू, दादा?"

"मग ऱ्हाऊ द्या. शिरका करायला ठेवा," असं म्हणून त्यानं परडी तिच्या ओसरीवर आणून ठेवली.

बाईनं फळं सोलून चिरली, साखर घातली, दालचिनी आणि लवंगा टाकल्या, पातेलं चुलीवर चढवलं. रस उकळला, परत उकळला, पण दाटायचं नाव घेईना. शेजारणी एकेक करून डोकावू लागल्या.

"साखर कमी पडली असेल," काकू म्हणाल्या. बाईनं साखर घातली, तर रस आणखीनच पातळ झाला.

"जाळ वाढव," जाऊबाई म्हणाल्या. जाळ वाढवला, तर तळाशी करपल्याचा वास आला.

"वेलदोडा टाक, वास झाकून जाईल." टाकला. आता नक्की कसला वास येतोय तेच कळेना.

"अगं, चाखून तरी बघ जरा."

"नैवेद्य आहे काकू, चाखू कशी?"

"कुणीतरी पाणचट फळं दिली असणार," जाऊबाई म्हणाल्या.

"माझी नव्हेत," सगळ्या एकदमच बोलल्या.

ऊन उतरू लागलं. पळीतून रस पाण्यासारखा ओघळत होता. असलं पान पोरीच्या हाती दिलं तर देवळापर्यंत नुसतं पानच उरेल. नवस अर्धा राहिला आणि पोर पुन्हा बसली तर? बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पातेल्यात कुणाचं फळ कसं आहे, तिला काहीच सांगता येईना. सगळ्यांनी एकच तर शब्द सांगितला होता.

तेवढ्यात मेंढक्या परडी परत न्यायला आला. बाईनं सहज विचारलं, "दादा, या फळांचं तुम्ही करता तरी काय?"

"उकडून ठेवतो. सकाळी भांडं उपडं केलं तरी खाली पडत न्हाई. तोंडात घालवत न्हाई ती गोष्ट येगळी."

जाऊबाई हसल्या. "घे, आता देवीला मेंढ्यांचं उष्टं वाढ."

"मेंढ्या तोंडच लावत न्हाईत म्हटलं की, मग उष्टं कसं?" मेंढक्या म्हणाला.

बाईनं एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा परडीकडे. पातेल्यातलं एकही फळ तिला खरं ठाऊक नव्हतं. परडीतलं प्रत्येक फळ ठाऊक होतं. तिनं हात जोडले. "आई, चुकत असेन तर माझ्यावर रागव, पोरीवर नको." आणि ती हिरवी फळं सालीसकट चिरून तिनं रसात सोडली.

काकूंनी कपाळाला हात लावला. पण थोड्याच वेळात बुडबुडे जड झाले. बाईनं ताटलीत एक थेंब टाकला, ताटली तिरपी केली. थेंब जागचा हलला नाही.

दिवे लागायच्या आत लेक पान घेऊन निघाली. देवळाच्या पायरीवर ती अडखळली, पान कलंडलं. पण मुरंबा पानाला धरून बसला होता. लेक सावरली आणि तिनं पान देवीपुढे ठेवलं.

मग प्रसाद वाटला. आधी गोड लागे, मागून जिभेला किंचित आंबट चटका, आणि हात आपोआप पुन्हा पुढे होई. शेवटी काकू हळूच म्हणाल्या, "माझी जुनी होती गं, पेंढ्यात पडून पिठूळ झालेली."

"माझी गळलेली," जाऊबाई पुटपुटल्या.

बाई म्हणाली, "आधी सांगितलं असतंत तरी घेतली असती की. तशी शिजवली असती."

पुढच्या अष्टमीला लेक स्वतः टोपली घेऊन दारोदार गेली. काकू म्हणाल्या, "आईला सांग, ही पिठूळ आहेत, शेवटी घालायची." जाऊबाई म्हणाल्या, "ही गळलेली आहेत, डाग काढून घ्या म्हणावं." त्या दिवशी चुलीपाशी बाई अजिबात गोंधळली नाही. तिनं सगळ्यात आधी मेंढक्याची परडी पुढे ओढली.

या गोष्टीचं तात्पर्य: आपलं उणं जो आधीच सांगतो, त्याच्या शब्दावर निश्चिंत चूल पेटवावी, आणि आपलं उणं आपणही सांगावं, म्हणजे देव त्याचीही जागा दाखवतो.