रांगोळीचं यंत्र आणि हौसाबाईंची दोरी

अरे, ऐक ना, आज ओजसची काय फजिती झालीय! चहा नंतर घे, आधी ऐक.

आपला इंजिनीअर ओजस. त्यानं रांगोळी काढणारं यंत्र बनवलं आणि मंगल कार्यालयवाल्या बापूसाहेबांना विकूनही आला. बारा पाकळ्यांचं कमळ, पाकळ्या सारख्या अंतरावर. "सोपं आहे काका, प्रोग्रॅममध्ये साईन-कोसाईन टाकलं की झालं," असं म्हणाला होता. भूमितीत काठावर पास झालो होतो, हे तेवढं म्हणाला नव्हता.

आज कार्यालयाच्या दारात यंत्र चाललं. तीन जागी दोन-दोन पाकळ्या एकमेकींच्या अंगावर, बाकी सगळीकडे फटी. ओजसनं आधी व्होल्टेजला दोष दिला, मग फरशीला, शेवटी मुंग्यांना.

मागे कुणीतरी हसलं. हौसाबाई. वीस वर्षं त्या दारात रांगोळी त्याच काढायच्या.

बापूसाहेब मुलखाचे हट्टी. ते भडकले. "हसतेस काय? मग शिकव तूच त्या यंत्राला. पण कॉम्प्युटरला बोट लावायचं नाही. वऱ्हाड तासाभरात येतंय. जमलं तर तुझं काम कायम, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"मला बापू, सही तेवढी येते," म्हणत हौसाबाई ओजसशेजारी उकिडव्या बसल्या. "साहेब, तुम्ही ह्याला सांगता तरी काय?"

"गोलाचे बारा भाग, मावशी. एकेक भाग तीस अंशांचा. म्हणून तीस, साठ, नव्वद असं सांगत जायचं."

"आता नुसतं एक सांगा बरं."

ओजसनं आधी शून्य लिहून पहिला ठिपका टाकला, मग एक लिहिलं. पहिल्या ठिपक्यापासून बऱ्याच लांब यंत्रानं दुसरा ठिपका टाकला. हौसाबाईंनी कमरेची दोरी सोडली, मध्यापासून ठिपक्यापर्यंत ताणली, तिथं गाठ मारली आणि खडूनं गोल फिरवला. मग तेवढीच दोरी पहिल्या ठिपक्यापासून गोलाच्या कडेवर अंथरली. गाठ बरोब्बर दुसऱ्या ठिपक्यावर!

"बघा. तुमचं एक म्हणजे एवढासा अंश. ह्याचं एक म्हणजे ही आख्खी दोरी. गोलाच्या कडेवर अशा सहा दोऱ्या बसतात नि वर थोडी जागा उरते, सासूनं शिकवलंय मला. तुम्ही तीस दोऱ्या सांगता. पावणेपाच फेऱ्या मारून ते बिचारं भलतीकडंच टेकतं."

ओजसचे कान लाल. त्या दोरीएवढ्या कोनाला प्रोग्रॅमच्या पुस्तकात रेडियन म्हणतात आणि प्रोग्रॅममधल्या साईनला कोन त्यातच द्यायचा असतो. पहिल्याच पानावर छापलंय. त्यानं वाचायला सुरुवात केली होती दहाव्या पानापासून.

एक ओळ घातली: अंश गुणिले पाय (π), भागिले एकशेऐंशी. यंत्र पुन्हा फिरलं. बारा पाकळ्या, एकही वाकडी नाही.

बापूसाहेबांनी मिशी चाचपली. "पण हौसा, कॉम्प्युटरला बोट लागलंच की."

"लागलं ना, साहेबांचं. यंत्र शहाणंच होतं बापू, मी साहेबांना शिकवलं."

बापूसाहेब इतके हसले की खुर्चीचा हात धरावा लागला. हौसाबाईंचं काम कायम, वर भारीतलं लुगडं, आणि यंत्रही त्यांच्याच हाताखाली.

"आणि ह्या साहेबाचं काय करू?"

"राहू द्या आठ दिवस. दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतंच."

उद्या सकाळी सातला बोलावलंय त्याला. तू असतास तर गेला असतास, का मुंग्यांवरच अडून बसला असतास?